पंजापासून पुरळापर्यंत

१. आजारी माणसाला विचारून जे कळत नाही

“कोविड फुफ्फुसाचा आजार ना? मग किडनी कशी बिघडली?” गेल्या काही वर्षांत हा प्रश्न कितीतरी घरांत विचारला गेला. गोवर अंगावर उठतो, मग डॉक्टर छाती का तपासतात? गालगुंडात वृषणं का सुजतात? डेंगी झाल्यावर यकृताची तपासणी कशाला? सगळे एकाच जातीचे प्रश्न. विषाणू शिरतो एकीकडून आणि दुखतं भलतीकडे. त्याच्या पाठोपाठ दुसरी शंका येते: हे सगळं म्हणे उंदरांवर तपासतात, उंदराचं माणसाला कसं लागू पडेल?

आधी पहिल्या प्रश्नातली अडचण पाहू. माणूस डॉक्टरांकडे येतो तोवर आजाराला काही दिवस झालेले असतात. संसर्ग नेमका कधी झाला, किती विषाणू शरीरात शिरला, हे कोणालाच ठाऊक नसतं. रक्त, लघवी, नाकातला स्वॅब, फार तर स्कॅन, एवढंच हाती येतं. रोज हृदयाचा तुकडा काढून पाहता येत नाही. रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात सगळे अवयव दिसतात, पण ते शेवटच्या दिवशीचे.

पूर ओसरल्यावर गावात गेलं तर घरोघरी चिखल दिसतो. पाणी आधी कुठल्या गल्लीतून आलं, कुठे थांबलं, कुठून मागे फिरलं, हे त्या चिखलावरून सांगणं अवघड. त्यासाठी पाणी चढत असताना दर तासाला कोणीतरी तिथे उभं असायला हवं. प्राण्यांवरच्या प्रयोगात असं उभं राहता येतं. संसर्गाची वेळ ठाऊक असते, मात्रा ठाऊक असते आणि ठरलेल्या दिवशी प्रत्येक अवयव उघडून बघता येतो. याची किंमत त्या प्राण्याचा जीव असते. पुढे जे जे कळलं म्हणून सांगितलं आहे, त्या प्रत्येक गोष्टीला ही किंमत पडलेली आहे.

२. फेनर यांचे उंदीर

गोवर, कांजिण्या, देवी या आजारांत एक कोडं होतं. आजाऱ्याच्या सहवासानंतर दहा-बारा दिवस माणूस ठणठणीत असतो. मग ताप येतो आणि त्यानंतर अंगभर पुरळ उठतं. मधल्या दिवसांत विषाणू असतो कुठे?

हे कोडं फ्रँक फेनर यांनी मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये सोडवलं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम करून आलेल्या फेनर यांना उंदरांच्या देवीवर काम करायला मिळालं. हा देवीच्या कुळातलाच विषाणू, पण आजारी पाडतो तो उंदरांना. फेनर यांनी तो उंदरांच्या मागच्या पंजाच्या तळव्यात टोचला. त्यानंतर ठरलेल्या अंतराने त्यातले काही उंदीर मारून पंजा, लसीकाग्रंथी, रक्त, यकृत, प्लीहा, कातडी अशा प्रत्येक ठिकाणी विषाणू किती आहे ते मोजलं. पद्धत साधी, पण तिला चिकाटी फार लागते.

या मोजणीतून मधल्या दिवसांचा हिशेब लागला. पहिल्या दिवसाच्या आसपास विषाणू पंजातून जवळच्या लसीकाग्रंथीत पोचतो. लसीकाग्रंथी म्हणजे काखेत, जांघेत जे अवधाण येतं ना, तीच गाठ. तिथे वाढून तो थोड्या प्रमाणात रक्तात उतरतो. दोन-तीन दिवसांत यकृत आणि प्लीहा गाठतो आणि तिथे त्याची प्रचंड वाढ होते. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास तो पुन्हा रक्तात येतो, या वेळी लोंढ्याने, आणि कातडीत जाऊन बसतो. सातव्या दिवशी पंजा सुजतो, त्यानंतर पुरळ दिसायला लागतं. उंदीर बाहेरून धडधाकट दिसत होता तेव्हाच त्याचं यकृत पोखरलं जात होतं.

फेनर यांनी १९४८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये हे मांडलं आणि माणसातल्या पुरळाच्या आजारांतही असंच घडत असावं असं सुचवलं. ते मोठं धाडस होतं. पण दोनदा रक्तात उतरणारा विषाणू ही कल्पना टिकली आणि आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. पुढे याच फेनर यांनी १९८० मध्ये माणसांतली देवी जगातून हटल्याचं जागतिक आरोग्य परिषदेला सांगितलं.

या प्रयोगातून एक गोष्ट पक्की धरून ठेवावी: लक्षण जिथे दिसतं तो अवयव बहुधा प्रवासातला शेवटचा टप्पा असतो.

३. पाणी शिरलेलं घर आणि पाणी न शिरलेलं घर

आता पुढची पायरी. एखादा अवयव बिघडला म्हणजे त्यात विषाणू शिरलाच असं नाही. पुरात काही घरांत पाणी शिरतं. काही घरांत शिरत नाही, पण ओल धरून भिंत पडते. शरीरातही असंच आहे. विषाणूशी लढताना शरीर रक्तात अनेक रसायनं सोडतं, पांढऱ्या पेशी धावाधाव करतात, काही वेळा रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात. या सगळ्याने जो दाह होतो, त्यात विषाणूने कधी स्पर्शही न केलेला अवयव दुखावू शकतो.

हे दोन प्रकार वेगळे कसे ओळखायचे? संशोधक एकाच अवयवाला तीन प्रश्न विचारतात. पहिला, यात जिवंत, वाढू शकणारा विषाणू आहे का? त्यासाठी अवयवाचा अर्क प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर टाकून त्या मरतात का ते बघतात. दुसरा, विषाणूचं जनुकीय द्रव्य सापडतं का? ही आपल्या परिचयाची आरटी-पीसीआर. तिसरा, अवयवाचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर नेमक्या कुठल्या पेशी विषाणूने भरलेल्या दिसतात?

समजा, पाचव्या दिवशी एका हॅमस्टरच्या मूत्रपिंडाची तपासणी केली. आरटी-पीसीआर होकारार्थी आली. पण पेशींवर टाकलेल्या अर्काने काहीच झालं नाही, आणि कापात मूत्रपिंडाच्या पेशी कोऱ्या दिसल्या. अर्थ काय? विषाणूचे तुकडे रक्ताबरोबर तिथे आले, पण मूत्रपिंडात तो वाढत नव्हता. तरीही मूत्रपिंडाच्या नलिका सुजलेल्या असतील, तर ती भिंत ओलीने पडली. तिन्ही उत्तरं होकारार्थी असती तर पाणी थेट घरात शिरलं असं म्हणता आलं असतं. हा फरक उपचारात कामाला येतो. पहिल्या बाबतीत विषाणू मारणारं औषध त्या अवयवासाठी फारसं काही करणार नाही, दाह आवरणारं करू शकेल.

कॉक्सॅकी बी-३ हा हृदयाच्या स्नायूला सूज आणणारा विषाणू. उंदरांच्या काही वाणांत ही सूज येते, विषाणू जातो आणि सूजही ओसरते. दुसऱ्या काही वाणांत विषाणू गेल्यावरही सूज चालूच राहते, कारण त्यांची प्रतिकारयंत्रणा आता स्वतःच्याच हृदयाच्या प्रथिनांवर उलटलेली असते. विषाणू तोच, प्राणीही तोच, फक्त वाण वेगळा. एकाच घरातल्या दोन भावंडांना एकच संसर्ग वेगवेगळा का भोवतो, याचं उत्तर कुठे शोधायचं ते इथे दिसतं.

४. उंदराला कोविड होतच नव्हता

कुठलाही विषाणू पेशीत शिरतो तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या प्रथिनाला चिकटून. या प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात. कोविडच्या विषाणूसाठी ते एसीई-२. सुरुवातीच्या विषाणूला माणसाचं एसीई-२ पकडता येत होतं, साध्या उंदराचं येत नव्हतं. म्हणजे प्रयोगशाळेतला सर्वात स्वस्त आणि सर्वात ओळखीचा प्राणी २०२० मध्ये निरुपयोगी ठरला.

सुदैवाने अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पॉल मॅक्रे आणि स्टॅन्ली पर्लमन यांच्या गटाने जुन्या सार्स विषाणूसाठी एक उंदीर तयार केलेला होता. त्यात माणसाचं एसीई-२ जनुक घातलेलं होतं आणि २००७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली होती. सार्स परत आला नाही, त्यामुळे त्याची फारशी गरज उरली नाही. कोविड आल्यावर जगभरातून मागणी आली.

या उंदरांना कोविड झाला, तोही जीवघेणा. पण बारकाईने पाहिल्यावर लक्षात आलं की जास्त मात्रा दिलेल्या उंदरांच्या मृत्यूमागे मेंदूत पसरलेल्या संसर्गाचा मोठा वाटा आहे. माणसात तसं क्वचितच होतं. घातलेलं जनुक माणसात जितकं आणि जिथे काम करतं, तसंच ते या उंदरात करत नव्हतं, म्हणून विषाणूला नको तिथे वाट मिळाली. अशा उंदरावर फुफ्फुसाचं औषध जोखता येईल. “कोविड मेंदूत शिरतो का?” हा प्रश्न त्याला विचारणं मात्र चुकीचं, कारण उत्तर आपणच आधी आत घालून ठेवलेलं आहे.

येल आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये याच अडचणीतून वाट काढली. त्यांनी माणसाचं एसीई-२ जनुक उंदराच्या फक्त श्वासमार्गात पोचवलं, बाकी शरीर साध्या उंदराचंच ठेवलं. मग सौम्य संसर्ग दिला. विषाणू आठवडाभरात गेला, मेंदूत तो सापडलाच नाही. तरीही मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी सात आठवड्यांनंतरही चेतलेल्या होत्या आणि मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण कमी झालेलं होतं. फुफ्फुसातल्या आजाराचा परिणाम मेंदूवर, आणि मेंदूत विषाणू नसताना! कोविडनंतर “डोकं चालत नाही, शब्द आठवत नाहीत” म्हणणाऱ्यांकडे लोक संशयाने बघत होते. त्यांच्या तक्रारीला या प्रयोगाने शारीरिक आधार दिला, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

५. महिनाभरानंतरचा हॅमस्टर

कोविडच्या अभ्यासात सर्वात कामाला आला तो सोनेरी सीरियन हॅमस्टर. १९३० मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इझ्रायल आहारोनी यांनी सीरियातल्या अलेप्पोजवळ एक मादी आणि तिची पिल्लं पकडली. त्याच विद्यापीठातल्या सॉल ॲडलर यांना काळ्या आजाराच्या अभ्यासासाठी असा प्राणी हवा होता. आज जगभरच्या प्रयोगशाळांतले बहुतेक हॅमस्टर त्या एका बिळातल्या पिल्लांचे वंशज आहेत.

हॅमस्टरचं एसीई-२ मुळातच माणसाच्या एसीई-२शी पुरेसं जुळतं. जनुक घालावं लागत नाही. नाकात विषाणू टाकला की त्याचं वजन घटतं, सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत फुफ्फुसं सुजतात, शेजारच्या हॅमस्टरला लागण होते आणि दोन आठवड्यांत तो सावरतो. सौम्य ते मध्यम कोविड झालेल्या माणसाचंच हे चित्र.

२०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन टेनओव्हर यांच्या गटाने हॅमस्टरला एक चांगला प्रश्न विचारला: कोविडनंतरचा त्रास कोविडचाच, की कुठल्याही जोरदार फ्लूनंतर होतो तसा? त्यांनी एका गटाला कोविडचा विषाणू दिला, दुसऱ्याला इन्फ्लुएंझा ए. अवयव तपासले तिसऱ्या दिवशी आणि एकतिसाव्या दिवशी. एकतिसाव्या दिवसापर्यंत जिवंत विषाणू कुठेच उरला नव्हता. फुफ्फुस आणि मूत्रपिंड यांना झालेली कायमची इजा कोविडच्या गटात फ्लूपेक्षा जास्त होती. आणि एक गोष्ट फक्त कोविडच्या गटात दिसली: नाकातला वास घेणारा थर आणि मेंदूतलं गंधकेंद्र यांत महिन्यानंतरही दाह चालू होता. त्या हॅमस्टरांच्या वागण्यातले बदलही त्याच्याशी जुळत होते.

वास का जातो, हेही असंच हळूहळू उलगडलं. नाकात वास ओळखणाऱ्या मज्जापेशी असतात आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशी असतात. विषाणू प्रामुख्याने आधारपेशींत शिरतो. त्या कोसळल्या की शेजारच्या मज्जापेशी, स्वतः बाधित नसूनही, वास ओळखणारी जनुकं बंद करून बसतात. हॅमस्टरमध्ये हे दिसलं आणि दगावलेल्या रुग्णांच्या ऊतींतही तसंच आढळलं.

या प्रयोगात फ्लूचा गट नसता तर? मूत्रपिंडातली इजा पाहून “ही कोविडची करामत” असं म्हणून मोकळे झालो असतो. ती किती खास आणि किती सर्वसाधारण, हे कळलंच नसतं. प्राण्यांवरच्या अभ्यासाची बातमी वाचताना “तुलना कशाशी केली?” हे जरूर बघावं.

६. माकडाने दिलेली चुकीची दिशा

आता एक जुनी, दुखरी गोष्ट. तिच्यावर जरा थांबायला हवं, कारण प्राण्यावर नको तितका विश्वास टाकला की काय होतं ते तिच्यात दिसतं.

१९०८ मध्ये व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर आणि एर्विन पॉपर यांनी पोलिओने दगावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूचा अर्क माकडांना टोचला. माकडांनाही पोलिओ झाला. पोलिओ विषाणूमुळे होतो हे सिद्ध झालं. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सायमन फ्लेक्सनर यांनी ऱ्हिसस माकडांवर काम सुरू ठेवलं. माकडाच्या नाकात विषाणू टाकला की तो मज्जातंतूंवाटे मेंदूत जाई. तोंडावाटे दिला तर या माकडांना सहसा काही होत नसे. वर, एका माकडाच्या मेंदूतून दुसऱ्याच्या मेंदूत असा फिरवत ठेवलेला विषाणू मज्जासंस्थेतच वाढण्याला सरावला होता. निष्कर्ष निघाला: पोलिओ नाकातून शिरतो, थेट मज्जातंतूंत जातो, रक्ताशी त्याचा संबंध नाही.

यावर विश्वास ठेवून १९३७ मध्ये कॅनडातल्या टोरांटोमध्ये सुमारे ५,००० मुलांच्या नाकात झिंक सल्फेटचा फवारा मारला गेला. पोलिओ थांबला नाही. काही मुलांची वास घेण्याची शक्ती मात्र गेली.

चूक माकडाची नव्हती. ऱ्हिसस जातीच्या माकडात, सरावलेल्या विषाणूने जे घडत होतं तेच दिसलं होतं. १९४१ मध्ये अल्बर्ट सेबिन आणि रॉबर्ट वॉर्ड यांनी पोलिओने दगावलेल्यांच्या शवविच्छेदनात आतड्यात विषाणू दाखवला. नाकाच्या अस्तरात तो नव्हता. मग दुसरे प्राणी निवडले गेले, चिंपांझी आणि सायनोमोल्गस माकडं, ज्यांना तोंडावाटेही पोलिओ होतो. १९५२ मध्ये डोरोथी हॉर्स्टमन आणि डेव्हिड बोडियन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की तोंडावाटे विषाणू दिल्यावर काही दिवसांत तो रक्तात सापडतो, पण लुळेपणा येण्याआधीच नाहीसा होतो. आधीचे संशोधक रक्त तपासत होते ते लुळेपणा आल्यानंतर.

याचा अर्थ मोठा होता. विषाणू आतड्यातून मज्जारज्जूकडे जाताना रक्तातून जात असेल, तर रक्तातली प्रतिपिंडं त्याला वाटेत अडवू शकतील. म्हणजे लस टोचून भागेल. १९५५ मध्ये जोनास साल्क यांची लस आली आणि तिने ते करून दाखवलं.

७. क्यासनूर, दोडामार्ग, पुणे

कधी कधी प्राणी प्रयोगशाळेत आणावाच लागत नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं आणि वानरं मरून पडू लागली, आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, मेलेल्या माकडांतून आणि रुग्णांतून विषाणू वेगळा केला. तो गोचिडीवाटे पसरतो. गोव्यात सत्तरीत आणि २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला हा आजार आला, तेव्हा लोकांनी त्याला माकडताप असंच नाव दिलं. काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसणं ही तिथे धोक्याची सूचना असते.

या विषाणूसमोर उंदीर अपुरा पडतो. विषाणू वेगळा करायला उंदराची तान्ही पिल्लं उपयोगी पडतात, कारण त्यांच्या मेंदूत तो झटकन वाढतो. पण म्हणूनच उंदरात हा आजार मुख्यतः मेंदूचा दिसतो. माणसात मात्र ताप, रक्तस्राव आणि काहींना मधल्या विश्रांतीनंतर पुन्हा ताप व मेंदूची लक्षणं, असा तो अनेक अवयवांचा असतो. उंदराला रक्तस्रावाबद्दल विचारून उपयोग नाही.

कोविडच्या काळात याच पुण्याच्या संस्थेने देशी लशीची परीक्षा दोन पायऱ्यांत घेतली, आधी हॅमस्टरवर आणि मग ऱ्हिसस माकडांवर. माकडं नागपूर परिसरातून मिळवली होती. २० माकडांचे पाच-पाचचे चार गट; तीन गटांना लशीची वेगवेगळी रूपं, एकाला लस नसलेलं द्रावण. १४ दिवसांच्या अंतराने दोन डोस आणि त्यानंतर १४ दिवसांनी विषाणू. लस न मिळालेल्या गटात न्यूमोनिया दिसला, लस मिळालेल्यांच्या फुफ्फुसांत दिसला नाही. पाचाचा गट लहान वाटेल. पण आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रत्येक प्रयोगाला नैतिक समितीची मंजुरी लागते आणि उत्तर मिळायला पुरतील इतकेच प्राणी वापरायचे असतात. प्राण्याचं वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा घटलं तर त्याला वेदनेत ठेवत नाहीत, प्रयोग तिथेच थांबवतात. हा नियम दयेचा आहेच, शास्त्राचाही आहे. उपाशी, घाबरलेल्या प्राण्याचं शरीर विषाणूला वेगळाच प्रतिसाद देतं.

८. शेवटी माणसाशी पडताळा

हॅमस्टरने सांगितलं, उंदराने सांगितलं; माणसाच्या ऊतींत तसं दिसतं का? २०२२ च्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ४४ शवविच्छेदनांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोविड झालेल्या या लोकांच्या हृदयापासून मेंदूपर्यंत अनेक अवयवांत विषाणूचं जनुकीय द्रव्य सापडलं, एका व्यक्तीत तर लक्षणं सुरू झाल्यानंतर २३० दिवसांनी. मात्र श्वसनमार्ग सोडला तर बाकी अवयवांत थेट विषाणूमुळे झालेला दाह किंवा इजा फार थोडी होती.

म्हणजे पाणी बऱ्याच घरांत शिरलं होतं, पण पडझड सगळीकडे झाली नव्हती. हॅमस्टरच्या गंधकेंद्रात याच्या उलट: विषाणू नाही, दाह आहे. दोन्ही निरीक्षणं खरी आहेत आणि ती एकमेकांशी भांडत नाहीत. ती वेगवेगळ्या अवयवांची आणि वेगवेगळ्या दिवसांची आहेत. शवविच्छेदनं होती दगावलेल्यांची. सौम्य आजारातून उठून महिन्यानंतर थकवा सांगणाऱ्यांचे अवयव कोणी उघडून पाहत नाही, पाहूही नयेत. त्यांच्या बाजूने सध्या हॅमस्टर आणि उंदीरच साक्ष देतात. म्हणून ती साक्ष ऐकताना तीन गोष्टी विचाराव्या लागतात: प्राणी कुठला होता, त्याला रिसेप्टर मुळातला होता की आपण दिलेला, आणि अवयव कितव्या दिवशी पाहिला.